निम्म्या किमतीचं पुस्तक

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या एका हातात छत्री असायची आणि दुसऱ्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा. गठ्ठ्यात आमची गेल्या वर्षीची शाळेची पुस्तकं. माझी पाचवीची, दादाची सातवीची. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पोचलं की आधी हा गठ्ठा विकायचा, आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून पुढच्या इयत्तेची जुनी पुस्तकं घ्यायची, असा क्रम ठरलेला. दुकानदार एकेक पुस्तक उलटंपालटं करून बघायचा. मुखपृष्ठ जागेवर आहे का, शेवटची पानं आहेत का, गणिताच्या पुस्तकात कुणी उत्तरं लिहून ठेवलीत का. मग गठ्ठ्याकडे न बघताच म्हणायचा, "पाव." म्हणजे छापील किमतीचा चौथा हिस्सा. पाव किमतीला घेतलेलं हेच पुस्तक तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी निम्म्या किमतीला देणार, हे त्यालाही ठाऊक आणि बाबांनाही. तरी दोघं पाच-दहा मिनिटं बोलत राहायचे. बालभारतीच्या पुस्तकाची मूळ किंमतच इतकी कमी की सगळी घासाघीस पंधरा-वीस पैशांची. पण बाबांच्या पगारात पंधरा-वीस पैशांनाही आवाज होता.

त्यामुळे वर्षभर घरात ताकीद असे. पुस्तकात पेनने लिहायचं नाही. पानांचे कान दुमडायचे नाहीत. नाव घालायचं तर शिसपेन्सिलीने, खोडता येईल असं. "ते पुस्तक तुझं नाही, पुढच्या वर्षीच्या मुलीचं आहे," असं आई म्हणायची. ही पुढच्या वर्षीची मुलगी मला कधी दिसली नाही, पण तिचा राग मात्र फार यायचा. आणि गेल्या वर्षीची मुलगी तर पुस्तकातच भेटायची. भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राच्या नकाशावर तिने कोकणाला जांभळा रंग दिलेला असायचा, आणि इतिहासाच्या पुस्तकात अफजलखानाला चष्मा.

एका वर्षी अभ्यासक्रम बदलला. बाबा गठ्ठा घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले. गठ्ठा त्याच दिवशी रद्दीत गेला. पुस्तकं तीच, पानं तेवढीच, अक्षरं शाबूत. फक्त पुढच्या वर्षीची मुलगी नाहीशी झाली होती. पुस्तकाच्या किमतीबद्दल मला पहिली अक्कल आली असेल तर ती त्या दिवशी.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती जर्मनीत, श्टुटगार्टला असते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला तो थेट तक्रारीने. एक मराठी कादंबरी तिला हवी होती. छापील पुस्तक साडेतीनशे रुपये, ई-बुक तीनशे पंधरा. "मावशी, कागद नाही, शाई नाही, बायंडिंग नाही, गोदाम नाही, टपाल नाही. मग पस्तीसच रुपये कमी? तू अख्खा जन्म या धंद्यात काढलास ना, मग सांग मला, बाकीचे पैसे कशाचे घेतात?"

मी मुद्रितशोधक. प्रुफं वाचण्यात माझी अडतीस वर्षं गेली. तेव्हा माझ्या तोंडून लगेच उत्तर निघालं, "अगं, लेखकाचे कष्ट तेवढेच असतात की." उत्तर बरोबर होतं, पण पुरं नव्हतं, हे फोन ठेवताक्षणी कळलं. मग चार दिवस तेच डोक्यात.

मी कामाला लागले तेव्हा पुस्तकाची किंमत कशी काढत ते सांगते. हो, किंमत "काढत", ठरवत नसत. आमचे मालक वाचून झालेल्या गॅलीप्रुफाच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडायचे. सोळा पानांचा एक फर्मा. पुस्तक किती फर्म्यांचं, त्याला कागदाची किती रिमं, जुळणी, छपाई, मुखपृष्ठाचे ब्लॉक, बांधणी. बेरीज करायची, अकराशे प्रतींनी भागायचं, आणि जो आकडा येईल त्याला चारने नाहीतर पाचने गुणायचं. झाली किंमत. लेखकाचं मानधन, दुकानदाराचं कमिशन, भेटप्रती, वाळवी, उधारी बुडवणारे, आणि मालकांच्या घरची चूल हे सगळं त्या चार-पाचाच्या पोटात. आता यात गंमत बघा. गुणाकार चालायचा तो कागदावर. त्यामुळे जाड पुस्तक महाग आणि बारीक पुस्तक स्वस्त. कवितासंग्रह चौसष्ट पानांचा, म्हणजे अवघे चार फर्मे. कवीने त्यासाठी दहा वर्षं झिजवली असली तरी किंमत भाजीच्या जुडीची. आणि कुणी भरताड तीस फर्म्यांची कादंबरी पाडली की तिचा भाव चढा. वाचकही दुकानात पुस्तक हातावर तोलून बघायचे आणि म्हणायचे, "एवढ्याशा पुस्तकाला बारा रुपये?"

म्हणजे किंमत कागदाची असते हे वाचकाला कुणी शिकवलं? आम्हीच. पन्नास-साठ वर्षं पानं मोजून पैसे घेतले आणि पानं गेल्यावर म्हणतो, छे छे, पैसे पानांचे नव्हतेच मुळी. भाचीचा प्रश्न हा आमचाच हिशेब आहे, फक्त आमच्याकडे उलटून आलेला.

अर्थात कागदाभोवती कामही रग्गड होतं, ते नाकारून चालणार नाही. आम्ही नारायण पेठेत राहायचो त्या वाड्यात तळमजल्यावर एक बाइंडर होते. दुपारी शाळेतून आलं की मी त्यांच्या उंबऱ्यावर बसायची. घरातल्या बायका फर्मे मोडायच्या. छापून आलेल्या मोठ्या कागदाची घडीवर घडी, हाडाच्या पट्टीने दाबलेली, की सोळा पानं क्रमाने लागलीच पाहिजेत. मग फर्म्यांची जुळवणी, मग सुईदोऱ्याने जुजबंदी. स्टोव्हवर पातेल्यात खळ शिजत असे, आणि तिच्यात ते मोरचूद टाकायचे, निळ्या खड्यांची पूड. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून. खळ हिरवट निळी व्हायची. "हात लावू नकोस, विष आहे," म्हणायचे, आणि स्वतः बोटानेच फासायचे. शिवून झालेली पुस्तकं दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून वर पाटा ठेवायचे. माझ्याकडे आजही त्या हातची तीन पुस्तकं आहेत. पाठीचं कापड विरलंय, पण टाका सुटलेला नाही. साडेसात रुपयांच्या पुस्तकात या माणसाला किती मिळत असतील ते आता काढायला नको. लाज वाटेल.

आणि किंमत एकदा छापली की छापली. आवृत्ती संपायला दहा वर्षं लागोत, दहा वर्षं तीच किंमत. पुण्यातल्या दुकानांत सत्तरच्या दशकातली प्रत नव्वदच्या दशकात सहा रुपयांना मिळाल्याचा आनंद ज्यांनी घेतलाय त्यांनाच तो कळेल. पुढे प्रकाशक शहाणे झाले आणि जुन्या किमतीवर नव्या किमतीची चिकटपट्टी लावू लागले. मग नखाने ती पट्टी हळूच उचलून खालचा आकडा बघायचा, हाही एक छंद झाला. वर साठ, खाली बावीस. विकत घेतलं तरी ते बावीस जन्मभर सलत राहायचे.

आता ई-बुकाला पट्टी नसते. आकडा रात्रीतून बदलतो. भाचीने ज्या दिवशी तक्रार केली त्याच आठवड्यात ते तीनशे पंधराचं पुस्तक दोनशे दहाला आलं, आणि तिने घेईपर्यंत पुन्हा तीनशे पंधरा. नखाने उचलायला खाली काहीच नाही.

स्वस्ताईचे प्रयोग मराठीत झाले नाहीत असं नाही. प्रकाशनपूर्व सवलत हा एक. आधी पैसे भरा, पुस्तक निघालं की निम्म्या किमतीत घ्या. बाबांनी एका प्रकाशकाच्या अशाच योजनेत बहुखंडी ग्रंथासाठी मनीऑर्डर केली होती. पहिला खंड आला तेव्हा दादाला मिसरूड फुटलेलं होतं, शेवटचा आला तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. १९७४ मध्ये ग्रंथाली ही वाचक चळवळ सुरू झाली तिचं म्हणणंही असंच होतं: वाचकच सभासद असले की किंमत आवाक्यात ठेवता येते. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये ग्रंथालीनेच काढलं. आमच्या कचेरीतला शिपाई ते डब्याच्या पिशवीतून घेऊन यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायचा. मी मराठी पुस्तकांच्या किमतींचा विचार करते तेव्हा मला आधी ती पिशवी आठवते.

गल्लीतली लायब्ररी होतीच. जिन्याखालच्या खोलीत दोन लोखंडी रॅक, बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक ओळीने उभे. रहस्यकथा दिवसाला दहा पैसे. परीक्षा संपल्या की सकाळी एक नेऊन संध्याकाळी परत आणून द्यायची आणि "एकाच दिवसात दोन" असा वाद घालायचा. म्हणजे एकच पुस्तक, पण किमती किती! नवं घेतलं तर पूर्ण, सभासद असलं तर सवलतीत, जुनं निम्म्यात, फाटकं पावात, लायब्ररीत दहा पैसे, शेजाऱ्याकडून फुकट. ज्याची जेवढी ऐपत तेवढ्या पायरीवर तो उभा राहायचा, पण वाचायचा तेच.

आणि मग ती रशियन पुस्तकं. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात मांडलेली असत. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी, रंगीत चित्रं, आणि किंमत चार-पाच रुपये. 'देनिसच्या गोष्टी' मी तिथलीच वाचली. मराठी इतकं सरळ की देनिस आमच्या वाड्यात शोभला असता. मालक ते पुस्तक हातात घेऊन कागद चिमटीत धरून बघायचे, बांधणी उघडून बघायचे आणि म्हणायचे, "या किमतीत माझं नुसतं मुखपृष्ठ होत नाही." होणारच नव्हतं. मॉस्कोतलं सरकार पैसे घालत होतं. १९९१ साली ते सरकारच गेलं आणि पुस्तकंही गेली. आज तीच पुस्तकं जुन्या बाजारात चढ्या भावाने विकली जातात आणि त्यांच्याच स्कॅन केलेल्या फायली इंटरनेटवर फुकट फिरतात. पुस्तकाची किंमत आणि पुस्तकाचा खर्च यांची गाठ किती सैल असते ते यावरून समजावं.

परदेशात हा वाद आपल्या आधी झाला. पेंग्विनने १९३५ मध्ये सहा पेन्सला पुस्तकं काढली, सिगारेटच्या पाकिटाच्या भावात. तेव्हा जॉर्ज ऑर्वेलने लिहिलं की वाचक म्हणून मला ही पुस्तकं आवडतात, पण बाकीच्या प्रकाशकांना अक्कल असेल तर त्यांनी एकजूट करून ती बंद पाडावीत. त्याचा हिशेब असा: खिशात पाच शिलिंग असले आणि पुस्तक अडीच शिलिंगांचं असलं तर माणूस दोन पुस्तकं घेऊन मोकळा होतो. पुस्तक सहा पेन्सचं झालं तर तो दहा घेत नाही. तीन घेतो आणि उरलेल्या पैशांचा सिनेमा बघतो. तोटा लेखकाचा. मला हा हिशेब अर्धाच पटतो. दहा पैशांच्या रहस्यकथा वाचणारी आम्ही पोरंच पुढे पूर्ण किमतीची पुस्तकं घेऊ लागलो, हे ऑर्वेलच्या गणितात बसत नाही.

पण ऑर्वेलची गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचं किंडल आलं, ३९९ डॉलरला. यंत्र महाग, पण गाजलेली नवी पुस्तकंसुद्धा त्यावर ९ डॉलर ९९ सेंटना. ई-बुक म्हणजे निम्म्याहून कमी किंमत, ही समजूत जगभर तिथूनच रुजली असावी. दीड-पावणेदोन वर्षांनी, जुलै २००९ मध्ये, ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलवरून विकत घेतलेली दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पुस्तकं कोणती? ऑर्वेलची. 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४'. इतकी चपखल चेष्टा एखाद्या कादंबरीत आली असती तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

माझंही असंच झालं, फक्त त्याची बातमी झाली नाही. मोबाइलवरच्या एका ॲपवर मराठी पुस्तकं फार स्वस्त मिळायची; वीस रुपये, तीस रुपये. मी हौसेने चाळीसेक घेतली. काही लहानपणी भाड्याने वाचलेली, परत वाचावीत म्हणून. एक दिवस त्या ॲपने पुस्तकांचं दालनच बंद केलं. आधी कळवलंही असेल, पण असल्या निरोपांच्या ढिगात ते कोण बघतं. चाळीस पुस्तकं गेली. घरातली चाळीस पुस्तकं वाळवीने खाल्ली असती तर निदान भुगा उरला असता.

मराठी पुस्तकं किंडलच्या दुकानात आली डिसेंबर २०१६ मध्ये. तेव्हा आमच्या प्रकाशकांचा मुलगा, जो आता धंदा बघतो, मला म्हणाला, "काकू, आता मजा. फाइल तयारच आहे, नुसती चढवायची." मी गप्प बसले. फाइल तयार म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमची गेल्या वीस वर्षांची पुस्तकं श्रीलिपी फॉन्टांतली. छापायला ती उत्तम, पण ई-बुकाला युनिकोड लागतं. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं आहेत, आणि ती शंभरातली अठ्ठ्याण्णव अक्षरं बरोबर उतरवतातही. उरलेल्या दोन अक्षरांनी माझी सहा वर्षं खाल्ली.

नमुना सांगते. मराठीत 'दऱ्या' वेगळ्या आणि 'दर्या' वेगळा. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. फरक एका रफाराचा. रूपांतरात 'दऱ्या'मधला अर्धा र सरळ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यामुळे एका ऐतिहासिक कादंबरीत मावळे सह्याद्रीच्या 'दर्यांत' उतरले. दुसऱ्या एका पुस्तकात लग्नाच्या मांडवामागे 'आचार्याने' जिलबीचा घाणा काढला. शंकराचार्यांच्या मालिकेतलं कुणी झारा घेऊन उभं आहे असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'सुऱ्या', 'बिचाऱ्या' यांचं तर काही विचारू नका. मग सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. खिळ्यांवर छापलेल्या पुस्तकांची तर फाइलच नाही. ती नव्याने टंकायची आणि पुन्हा दोनदा वाचायची. हे ज्यांनी केलं नाही त्यांची ई-बुकं उघडून बघा. पाच पानांत कळतं.

कराचंही एक गमतीदार आहे. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकावर मात्र सुरुवातीला १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला, तोही ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्याच ई-बुकाला. म्हणजे कागदावरचं पुस्तक हे ज्ञान आणि पडद्यावरचं तेच पुस्तक ही सेवा, असा काहीतरी सरकारी न्याय. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग कागदाचं पुस्तक काढायचं नाव करून दहा प्रती छापायच्या." पोरगी पुण्याची आहे.

मग मी एका रविवारी गॅलीच्या पाठीमागे, म्हणजे आता जुन्या वीजबिलाच्या पाठीमागे, हिशेब मांडला. समजा पुस्तक ३०० रुपयांचं. वितरक आणि दुकानदार मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास घेतात, तेव्हा १२० गेले. लेखकाचे दहा टक्के, ३० गेले. राहिले १५०. त्यात कागद, छपाई, बांधणी यांचे सत्तर-ऐंशी धरा. बाकीच्यात चित्रकार, अक्षरजुळणी, प्रुफं, गोदामाचं भाडं, कचेरी आणि न खपलेल्या प्रतींचं नुकसान. ई-बुक काढताना यातले कागदाचे सत्तर-ऐंशी वाचतात. दुकान वाचत नाही. ऑनलाइन दुकानही आपला वाटा घेतंच. प्रुफं तर दुप्पट झाली, वर सांगितलंच. म्हणजे नुसत्या कागदाच्या हिशेबाने बघितलं तर ई-बुक पाव किमतीने स्वस्त हवं. पस्तीस रुपयांची सूट ही कंजुषी झाली, आणि "फुकट का नाही?" हा हावरटपणा.

पाव कमी. आकडा लिहिला आणि अप्पा बळवंत चौकातला तो दुकानदार आठवला. पाऊण किंमत तो कशाबद्दल कापायचा? पुस्तक वापरलेलं म्हणून. आणि आम्हाला पाव का मिळायचे? पुस्तक आणखी वापरता येणार म्हणून. तीनशे रुपयांचं छापील पुस्तक घेते तेव्हा मी फक्त वाचायचे पैसे देत नाही. ते मी बहिणीला देऊ शकते, तिने ते परत केलं नाही तर भांडू शकते, वाचनालयाला भेट देऊ शकते, लग्नात 'सप्रेम भेट' लिहून देऊ शकते, अगदीच वेळ आली तर विकू शकते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चाललंय ते याच जोरावर. एक प्रत, शंभर वाचक. ई-बुकात मला यातलं काहीच करता येत नाही. वाचायची परवानगी मिळते, आणि तीही देणाऱ्याची मर्जी असेपर्यंत. मग त्या हक्कांचे पैसे मी का द्यायचे? तो दुसरा पाव.

पाव कागदाचा, पाव पुढच्या वर्षीच्या मुलीचा. निम्मी किंमत. दीडशे रुपये. फक्त लेखकाचे तीस मात्र तीसच राहिले पाहिजेत; टक्के वाढवा, वीस करा. त्याने निम्मी कादंबरी लिहिलेली नाही.

हा माझा हिशेब मी कुणावर लादत नाही, पण एक ताळा करून बघा. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. छापलीही अनेकांनी, आणि चढाओढीत स्वस्तात. त्या प्रतीत तुम्ही जे मोजता ते कागदाचे आणि दुकानाचे. त्याच पुस्तकाचं ई-बुक फुकट मिळतं. लेखकाचा हक्क उतरला की छापील पुस्तकाची उरते ती कागदाची किंमत, आणि ई-बुकाचं शून्य. बालभारतीची पुस्तकंही आता पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. जून महिन्यात अप्पा बळवंत चौकातली गर्दी मात्र अजून आहे. परवाच बघितलं, एक आई पुस्तकाची शेवटची पानं तपासत होती.

छापील पुस्तकाचे गोडवे गाऊन मी थांबणार होते, पण तेवढा खोटेपणा जमणार नाही. आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली तेव्हा बाबांची साताठशे पुस्तकं कुठे न्यायची हा प्रश्न आला. दोन वाचनालयांना विचारलं. जागा नाही म्हणाले. त्या बहुखंडी ग्रंथाला तर कुणी हातच लावेना. शेवटी रद्दीवाला आला, तराजू घेऊन. त्याने खंड हातात तोलून कौतुकाने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ग्रंथाच्या वजनाची कुणी कदर केली. छापील पुस्तकाची शेवटची किंमत किलोवर असते, हे पूर्ण किंमत आणि निम्मी किंमत यांच्या गप्पांत कुणी सांगत नाही. ई-बुकाच्या नशिबी तेवढा अपमान तरी नाही.

आणि मोतीबिंदूनंतर मी स्वतः रात्री किंडलवरच वाचते. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, छातीवर पडलं तर लागत नाही. भाचीला तर दुसरा मार्गच नाही. पूर्वी आम्ही तिच्या आईला बुक पोस्टाने पुस्तकं पाठवायचो. पाकिटाचं तोंड उघडं ठेवायचं, आत चिठ्ठी घालायची नाही, हे नियम पाळून आई पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने निरोप लिहायची. आता जर्मनीला पार्सल करायचं तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी वर जातो. तिला सांगितलं, दीडशेला मिळेल तेव्हा घे. ती म्हणाली, "मावशी, ग्रुपवर त्याची पीडीएफ आलीसुद्धा." आणि मग जरा थांबून, "मी उतरवली नाही अजून." त्या "अजून"चं काय करायचं ते प्रकाशकांनी बघावं.

मी मात्र तिच्यासाठी तीनशे पंधरा मोजून ती कादंबरी घेतली. आधी स्वतः चाळून बघितली, सवयीने. पुस्तक आमच्याच प्रकाशकांचं. छापील आवृत्तीची प्रुफं मीच वाचलेली. ई-बुक मात्र मला न दाखवताच चढवलेलं. तिसऱ्याच प्रकरणात नायक 'बिचार्या' झाला होता. मी उशाची पेन्सिल हातात घेतली आणि मग लक्षात आलं की खूण करायला समासच नाही. उठून वही घेतली. पहाटे दोनपर्यंत एक्केचाळीस चुका निघाल्या.

सकाळी प्रकाशकांच्या मुलाला फोन लावला. तो वरमला. म्हणाला, "काकू, तुम्हीच पूर्ण वाचून द्या. बिल पाठवा. किती लावाल?"

"पानाला जो दर आहे तोच," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "पण काकू, यात पानंच नाहीत."